कर्णबधिर मुलांना तिसऱ्या वर्षीच शाळा मिळावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळाप्रवेशाचे दिवस आले की कर्णबधिर मुलांचे पालक विशेष शाळांची चौकशी करू लागतात. त्यांतील अनेकांची मुले तोवर सहा-सात वर्षांची झालेली असतात. एका जिल्ह्याच्या ठिकाणी कर्णबधिर विद्यालयात मी अनेक वर्षे शिकवले आणि या उशिराची किंमत मुले कशी मोजतात, हे जवळून पाहिले. म्हणून हे पत्र.

ऐकणारे मूल पहिलीत येते ते घरची भाषा बोलत, प्रश्न विचारत, हट्ट करत येते. ज्याचे बहिरेपण उशिरा कळले आणि ज्याला कोणी खुणांची भाषाही दिली नाही, अशा त्याच वयाच्या मुलाला कधी कधी आपल्याला नाव आहे हेही ठाऊक नसते. बहुसंख्य कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात, त्यामुळे घरात या विषयाचा अनुभव कोणालाच नसतो. ‘याचे काकाही उशिराच बोलले’ अशा समजुतीत आणि नवससायासात मेंदूची भाषा शिकण्याची सर्वांत मोलाची वर्षे निघून जातात. त्यासाठी पालकांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते, कारण वेळेवर सांगणारे त्यांना कोणी भेटलेलेच नसते.

बहिरेपण लवकर ओळखणे आता अवघड राहिलेले नाही. नवजात बाळाच्या कानांची प्राथमिक तपासणी काही मिनिटांत होते आणि शंका आल्यास आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद मोजणारी ‘बेरा’ चाचणी करता येते. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र व मार्गदर्शन, हा क्रम जगभर मान्य आहे. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके 2013 पासून अंगणवाड्यांत आणि शाळांत जातात व त्यांच्या तपासणीत श्रवणदोषही येतो. परंतु ही पथके आरोग्य विभागाची, अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची आणि विशेष शाळा 2022 पासून स्वतंत्र झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाची, अशी वाटणी असल्याने निदान झालेल्या मुलाला शाळेपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न पालकांपुढे उभा राहतो. हातात प्रमाणपत्र असते आणि पुढची वाट कोणी दाखवत नाही.

कायद्यातही याच जागी उणीव आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 31 नुसार किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, पण तो 6 ते 18 या वयासाठी. नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर मुलांच्या शिक्षणाचा पायाभूत टप्पा तिसऱ्या वर्षापासून धरते. मग ज्या मुलाला भाषाच शाळेत मिळायची आहे, त्याने तीन वर्षे अधिक का थांबावे? मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्थेत 2021 पासून शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे लहान वयातच मदत सुरू करणारे केंद्र, आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या आईने दर आठवड्याला वांद्र्याला कसे यावे?

काही पालक मुलाला गावच्या शाळेतच ठेवतात. सहा वर्षांच्या लेकराला, विशेषतः मुलीला, वसतिगृहात ठेवण्याची त्यांची भीती मी समजू शकते, आणि योग्य साहाय्य असेल तर साध्या शाळेतही मूल शिकते. ते साहाय्य नसेल तर मात्र ते फळ्यावरचे सुंदर अक्षरात उतरवून घेते, ‘शांत आहे, त्रास देत नाही’ असा शेरा मिळवते आणि दरवर्षी वरच्या वर्गात जाते. त्याला वाक्याचा अर्थ कळतो की नाही, हे कोणी पाहत नाही. चांगल्या विशेष शाळेत वर्ग लहान असतो, मुले एकमेकांची तोंडे व हात दिसतील अशी अर्धवर्तुळात बसतात, आणि श्रवणयंत्र चालू आहे का, वाढत्या कानात यंत्राचा साचा नीट बसतो का, हे रोज तपासले जाते. पालकांनी प्रवेश घेताना तिथे सांकेतिक भाषा वापरतात का, हेही अवश्य विचारावे. खुणा शिकल्या तर मूल बोलणार नाही, या समजुतीला आधार नाही. हाताशी एक पक्की भाषा असलेले मूल दुसरीही शिकते.

शासनाकडे माझी मागणी अशी आहे : जिल्हा रुग्णालयात निदान होताच त्या मुलाची नोंद जवळच्या विशेष शाळेकडे जावी, प्रत्येक अनुदानित कर्णबधिर शाळेला तीन वर्षांपासूनच्या मुलांसाठी शिशुवर्ग आणि त्यासाठी विशेष शिक्षक व वाचा-श्रवणतज्ज्ञ यांची मान्य पदे मिळावीत, आणि दूरच्या पालकांना मुलासह येण्याचा प्रवासखर्च मिळावा. दिव्यांग कल्याण विभागाने याचा निर्णय पुढील शैक्षणिक वर्षाचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी जाहीर करावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विशेष शिक्षिका