चिऊच्या गाण्याच्या कॉलेजबद्दल

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "गाणं आहेच गं, पण आधी बी.कॉम. होऊ दे तिचं." मी गप्प बसले, कारण फोनवर हे नीट सांगता आलं नसतं.

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीत चिऊचं गाणं होतं. २० मिनिटं दिली होती. यमन धरला, बंदिश छान मांडली, आणि सातव्या-आठव्या मिनिटालाच ती थांबली. तबलजी बघत राहिले. घरी येऊन रडत म्हणाली, "आई, वहीतलं संपलं." गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमा पूर्णपर्यंतच्या पाचही परीक्षा तिने पहिल्या वर्गात दिल्यात. पण क्लासमध्ये तासाला पंचवीस मुलं. आलाप लिहून घ्यायचे, ताना लिहून घ्यायच्या, पाठ करायच्या. परीक्षांना मी नावं ठेवत नाही. गांधर्वच्या परीक्षांमुळेच तर आपल्यासारख्यांच्या घरात गाणं आलं. आई, तूही त्यातूनच शिकलीस. पण मैफलीत बसून राग उभा करायला आणखी काही लागतं, ते तिला कुणी दिलंच नव्हतं.

तेव्हापासून कॉलेजं बघताना मी एकच विचारते: गुरूंसमोर एकटीला बसायला किती वेळ मिळणार? बडोद्याचं संगीत महाविद्यालय १८८६ पासूनचं, छत्तीसगडमधल्या खैरागडला तर १९५६ पासून अख्खं विद्यापीठच कलांचं आहे. नावं मोठी, पण इतक्या लांब धाडायचा धीर मला होत नाही. कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत निवडक मुलं तिथेच राहून शिकतात, आपले गायक उल्हास कशाळकर तिथे गुरू झाले. पण तिथे तयारीचा गळा लागतो, ते पुढचं पुढे. माझं मन बसलंय ते पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रावर. पदवी विद्यापीठाची आणि तालीम गुरूंकडे, म्हणून तर त्याला गुरुकुल म्हणतात.

तुमची पदवीची काळजी मला कळते, बाबा. तिथलं बी.ए. हे पक्कं बी.ए. आहे. पुढे एम.ए. करून संगीतात नेट, म्हणजे प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा, देता येते, शिकवण्याची वाट उघडी राहते. कशाळकरांनीही नागपूर विद्यापीठातून संगीतात एम.ए. केलंय आणि गजाननबुवा जोशींकडे तालीमही घेतलीय. दोन्ही होतं. बी.कॉम. करून संध्याकाळी दमल्यावर गायचं म्हटलं तर मात्र गळा तयार व्हायची वर्षं निघून जातात. अठरा ते बावीस हीच ती वर्षं, ती परत येत नाहीत.

मागच्या रविवारी पुण्यात गाणं शिकवणाऱ्या एका बाईंकडे तिला नुसतं ऐकवायला नेलं होतं. त्यांनी आधी वही बाहेर ठेवायला लावली. मग म्हणाल्या, "मंद्र निषादापासून गंधारापर्यंतच गा. षड्जावर यायची घाई करू नकोस." चाळीस मिनिटं चिऊ खालच्या नीपासून गपर्यंतच्या तेवढ्याच चार सुरांत फिरत होती. नी रे ग, परत नी. एकदा गंधारावर थांबली तर बाई "हां" म्हणाल्या, बाकी काही नाही. बाहेर आल्यावर मला म्हणते, "आई, अजून कितीतरी उरलंय त्यात."

म्हणून तुमच्या दोघांचा होकार हवाय, बाबा. पैशाचं आम्ही बघू.

आणि आई, तुझा काळी चारचा तंबोरा माळ्यावर आहे ना, तो खाली काढून तंबोरे दुरुस्त करणाऱ्यांच्या गल्लीत नेशील का? तारा बदलून, आवाज खुलावा म्हणून जवारी लावून घे. भोपळ्याला कुठे चीर गेलीय का तेही त्यांना बघायला सांग. पार्सलने मात्र पाठवू नकोस. मीच गाडी घेऊन येते, मागच्या सीटवर गोधडी टाकून आडवा ठेवू.

तुमची,
ताई