आमच्या सोसायटीच्या सुभेदार साहेबांना

आदरणीय सुभेदार साहेब,
सप्रेम नमस्कार.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आपल्या इमारतीत दुरुस्तीनंतर सगळी बिऱ्हाडं परत आली. आता हे पत्र लिहिते आहे, आणि मुद्दाम चारचौघांत लिहिते आहे.

दर २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला झेंडा तुमच्याच हस्ते फडकायचा. ७ डिसेंबरला ध्वजदिन निधीही जमायचा. पण निवृत्त फौजीचा मान आपण किती राखतो, हे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल आला तेव्हा कळलं. वर्ग सी-२ए, म्हणजे इमारत रिकामी करून दुरुस्ती. भाड्याची घरं, मुलांच्या शाळा, म्हाताऱ्यांची हलवाहलव. सभेत सूर निघाला, दुसरा इंजिनिअर बघू, जरा सौम्य अहवाल घेऊ, निदान गणपती तरी होऊ देत.

तुम्ही अहवाल पानापानाने समजावून सांगितलात. २०१५ च्या ऑगस्टमध्ये याच नौपाड्यात, बी केबिनला, जुनी इमारत रात्री झोपलेल्या माणसांवर कोसळली होती, तेवढी आठवण दिलीत आणि म्हणालात, "प्रत उद्या महापालिकेत जाईल. सही माझी असेल." कोणीतरी ओरडलं, "ही पलटण नाही, सोसायटी आहे!" तुम्ही आवाज चढवला नाहीत, शब्दही मागे घेतला नाहीत.

पुढे काही शेजाऱ्यांनी तुमच्याशी बोलणं टाकलं. "यांचं काय जातंय?" असंही तुम्ही ऐकून घेतलंत. पेन्शनमधून स्वतःचं भाडं भरत तुम्ही संध्याकाळी इतरांसाठी कोपरीपर्यंत घरं शोधत हिंडत होतात. माझ्या आईला तिसऱ्या मजल्यावरून खुर्चीत बसवून खाली आणलंत, तेव्हा ती तुमचा हात सोडायला तयार नव्हती. काम सुरू झालं, तळमजल्याच्या खांबांचं प्लॅस्टर फोडलं, तर आतल्या गंजलेल्या सळयांचे पापुद्रे बोटांनी निघत होते. त्या खांबांवर आम्ही सगळे झोपत होतो!

तुम्ही बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्करातल्या इंजिनिअर दलाचे. तुमच्याच दलातले रामा राघोबा राणे एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर रणगाड्याखालून सरपटत गेले, सुरुंग काढून वाट मोकळी केली आणि परमवीरचक्राचे मानकरी ठरले. त्यांच्यासमोर शत्रू होता. तुमच्यासमोर रोज जिन्यात भेटणारी माणसं होती. आपल्याच माणसांचा रोष पत्करून त्यांच्याच जिवासाठी ठाम राहणं मला कमी अवघड वाटत नाही.

सीमेवर काढलेल्या वर्षांबद्दलही आभार. त्या वर्षांत काकूंनी एकटीने केलेल्या सणावारांबद्दल त्यांचेही.

त्या सभेच्या इतिवृत्तात तुमच्यावरचे आक्षेप तेवढे नोंदले गेलेत. येत्या वार्षिक सभेत मी तुमच्या आभाराचा ठराव मांडते आहे. अनुमोदन देणाऱ्यांत त्या दिवशी ओरडलेलेही आहेत. तुम्ही आणि काकू, दोघांनीही यायचं आहे.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण