गोळ्या घेऊनही ज्यांचं रक्त वाढत नाही, त्या मुलांसाठी

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

सन्माननीय मंत्रिमहोदय,

मी जिल्ह्याच्या गावी लहान मुलांचा दवाखाना चालवतो. हे पत्र हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जंतूविषयी आहे. जगातल्या साधारण एकतृतीयांश मुलामुलींच्या पोटात तो आहे. आपल्या देशातल्या जुन्या पाहण्यांत तर दहा वर्षांच्या आतच निम्म्याहून अधिक मुलांना लागण झालेली दिसली होती. लागण बहुधा घरातच होते, आईकडून किंवा भावंडांकडून. घरात दाटी आणि पाणी अस्वच्छ असेल तर ती आणखी सहज होते. एकदा शिरलेला जंतू औषधाशिवाय सहसा जात नाही.

बहुतेक मुलांना त्याचा काही त्रास होत नाही, त्यामुळे घबराट नको. काहींना पुढे अल्सर होतो, थोड्यांना उतारवयात जठराचा कर्करोग. मला आज काळजी वाटते ती रक्तक्षयाची. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या सुमारे 69 टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. त्यामागे आहाराचा वाटा मोठा आहे, आणि आपण अंगणवाडीत, शाळेत लोह देतो, जंताची गोळी देतो, ते योग्यच आहे. तरीही काही मुलांचं हिमोग्लोबिन हलत नाही. आया शपथेवर सांगतात, "डॉक्टर, एकही गोळी चुकवली नाही." मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. हा जंतू जठरातलं आम्ल कमी करू शकतो, मग लोह नीट शोषलं जात नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत जातातच. लोह नेमाने घेऊनही ज्यांचं रक्त वाढत नाही, अशा मुलांची त्यांनी यादी करावी आणि जिल्हा रुग्णालयात त्यांची शौचाची अँटिजेन चाचणी (शौचाच्या नमुन्यात जंतूचे अंश शोधणारी) मोफत व्हावी. जंतू सापडला तर पुढचा निर्णय बालरोगतज्ज्ञाने घ्यावा. या चाचणीला सुई नाही, नळी नाही. सकाळचा नमुना पुरतो. रक्तातली अँटिबॉडी चाचणी, म्हणजे जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं पाहणारी, मात्र नको. लागण आत्ताची की जुनी, हे तिच्यातून कळत नाही, आणि तेवढ्यावर मुलांना प्रतिजैविकं सुरू होतात. पोट दुखतंय म्हणून सरसकट औषध देणंही थांबायला हवं. क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडॅझोल या नेहमीच्या औषधांना हा जंतू आता अनेकदा दाद देत नाही.

सुरुवात नंदुरबार आणि गडचिरोलीच्या आश्रमशाळांपासून करावी, ही विनंती. त्यासाठी आदिवासी विकास विभागाला सोबत घ्यावं लागेल, आणि चाचणीबरोबरच तिथलं पिण्याचं पाणीही तपासावं लागेल.

आपला,
एक बालरोगतज्ज्ञ