शाळा सुटल्यानंतरच्या तासांविषयी शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

गोवंडीतील एका वस्तीच्या समाजमंदिरात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी आम्ही काही जण संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. तेथे येणाऱ्या सातवीतल्या एका मुलीला रोज अर्धा तास उशीर होतो, कारण घरी बांगड्यांवर खडे चिकटवण्याचे काम डझनाच्या हिशेबाने येते आणि आईला हातभार लावल्याशिवाय तिची सुटका होत नाही. वहीचे पान उलटताना ते तिच्या बोटाला चिकटते, मग ती ते दुसऱ्या हाताने हलकेच सोडवते.

अशा कामाविषयी कोणी विचारले, तर कायद्यातील मुभा पुढे केली जाते. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनुसार शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत मुलांनी कुटुंबाच्या, धोकादायक नसलेल्या, कामात मदत करण्यास हरकत नाही. दुसरीकडे शिक्षण हक्क कायद्याने या इयत्तांसाठी वर्षाला २२० दिवस आणि १००० तासांचे अध्यापन ठरवले आहे, म्हणजे दिवसाला जेमतेम साडेचार तास. उरलेल्या वेळेवर कामाचा हक्क सांगणारे पुष्कळ आहेत. शिक्षणाच्या बाजूने तो वेळ मागणारे कोणी नाही. म्हणूनच सहावी ते आठवीच्या मुलांसाठी शाळेच्या वेळेबाहेर रोज दोन तासांचे केंद्र सुरू करावे, अशी माझी मागणी आहे.

हे वयही अडनिडे आहे. धाकट्यांसाठी अंगणवाडी असते, दहावीच्या मुलांसाठी दानशूर मंडळी मार्गदर्शन वर्ग भरवतात. मधल्या मुलांना पाणी भरायला आणि भावंडे सांभाळायला मोठे समजले जाते. त्यातच महापालिकेच्या अनेक शाळा आठवीपर्यंतच असल्याने पुढची शाळा शोधण्याची वेळ येते, आणि गळती तेथेच होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शाळेच्या इमारती अध्यापनाच्या वेळेबाहेर ‘सामाजिक चेतना केंद्र’ म्हणून वापरण्याची सूचना आहे. मुंबईत मात्र एकाच इमारतीत सकाळ आणि दुपार अशी दोन सत्रे भरतात. सकाळचा वर्ग साडेबाराच्या सुमारास सुटतो तेव्हा दुपारची मुले फाटकाशी उभी असतात. त्यामुळे परिपत्रक काढून भागणार नाही. सकाळच्या सत्रातील मुलांसाठी जवळचे समाजमंदिर किंवा बालवाडीची खोली ठरवून द्यावी लागेल आणि दुपारच्या मुलांसाठी सकाळची सोय करावी लागेल.

या दोन तासांत पुन्हा शिकवणी भरवू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. या मुलांना गोष्टीची पुस्तके, चित्रकलेचे साहित्य, विज्ञानाचे छोटे प्रयोग, मैदान आणि प्रश्न विचारले तर न रागावणारे एखादे मोठे माणूस हवे आहे. (आमच्या अभ्यासिकेतील कॅरमबोर्ड गणिताच्या पुस्तकापेक्षा जास्त झिजला आहे, आणि त्याबद्दल मला खंत नाही.) शिक्षकांवर आधीच निवडणुका आणि सर्वेक्षणांचा भार असल्याने हे काम त्यांच्या गळ्यात न घालता वस्तीतील पदवीधर तरुण-तरुणींना नियमित मानधनावर द्यावे. त्यांचे मानधन सहा-सहा महिने थकू नये. ते थकले की केंद्राला कुलूप लागते.

निदान गोवंडी-मानखुर्दच्या काही शाळांपासून येत्या जूनमध्ये सुरुवात करावी आणि केंद्राची वेळ ठरवण्यापूर्वी घरी बसून अशी कामे करणाऱ्या मातांना एकदा विचारावे. आमच्या सातवीतल्या मुलीला साडेपाच जमत नाही, सहा जमते.

आपला विश्वासू,
गोवंडीतील अभ्यासिकेचा एक कार्यकर्ता