मुक्तास, नीलच्या शाळेतल्या प्रकाराबद्दल

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर नील मागेच खेळत होता, म्हणून मी विषय वाढवला नाही. तू मात्र दोनदा म्हणालीस, "लहान आहे गं तो, त्याला काय कळतंय." तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

शाळेत हात धरून गोल करताना नीलने शेजारच्या सावळ्या मुलापासून हात मागे घेतला आणि त्याला "तुझा हात मळलाय" म्हणाला. तो मुलगा स्वतःचा तळवा उलटसुलट बघून नळाकडे गेला. बाईंनी सांगितलेलं हे दुसरं वाक्य तू भरभर सांगून टाकलंस. मला काळजी त्याचीच आहे.

पाच वर्षांच्या मुलाला कळतं गं. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने ३ ते ७ वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या होत्या. बाकी सगळ्या सारख्या, फरक फक्त रंगाचा. 'वाईट दिसणारी दे' म्हटल्यावर निम्म्याहून जास्त मुलांनी तपकिरी बाहुली उचलली. पुढे 'तुझ्यासारखी दिसणारी दे' म्हटल्यावर काहींना रडू फुटलं. १९५४मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधली वर्णानुसार विभागणी घटनाबाह्य ठरवली, त्या निकालाच्या तळटीपेत क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख आहे. ती मुलंही लहानच होती.

असो. आता काय करायचं ते.

आजच बोल, झोपताना, दोघंच असताना. "असं का म्हणालास?" विचारू नकोस, "माहीत नाही" एवढंच येईल. "त्याचा हात कसा दिसला तुला?" असं विचार आणि त्याला बोलू दे. मग मोजकी वाक्यं: त्याचा हात स्वच्छ होता. कातडीचा रंग म्हणजे मळ नाही, तो धुऊन जात नाही. तू म्हणालास ते चूक होतं आणि त्याला लागलं. पुरे. ओरडलीस तर रंगाबद्दल बोलायचंच नसतं एवढंच तो शिकेल, आणि "शू" करून गप्प केलंस तरी तेच.

कारण विचारलं तर खरं कारण सांग. कातडीत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते बनवणाऱ्या पेशी सगळ्यांत साधारण सारख्याच संख्येने असतात, कमी-जास्त असतं ते त्या किती आणि कोणत्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात ते. रविवारी रंग काढा. लाल, पिवळा आणि थेंबभर निळा मिसळला की तपकिरी होतो. त्यात पांढरा थोडा थोडा घालत प्रत्येकाने आपल्या मनगटाशी जुळवायचा. निळा जास्त पडला तर मातकट हिरवट होतं, तेव्हा बाटली तुझ्याकडे ठेव. पांढऱ्यात काहीच न मिसळता कुणाचाच हात जुळत नाही, हे नीलला आपोआप दिसेल. तू त्याच्या वयाची असताना माणसं सगळी गुलाबी खडूने काढायचीस आणि तपकिरी खडू झाडांच्या बुंध्यांना. दादाला एकदा तपकिरी रंगवलंस तर तो केवढा चिडला होता!

माफी मागायची ती नेमकी: "तुझा हात मळला नव्हता, मी चुकीचं बोललो." नुसतं सॉरी नको. गळाभेट, हस्तांदोलन काही घडवून आणू नका. त्या मुलाला नको असेल तर नको. त्याच्या आईला फोन तू कर. "आमच्या घरी असं कुणी बोलत नाही" हे सुरुवातीलाच म्हणू नकोस, ती काय म्हणते ते आधी ऐकून घे. बाईंना विचार, दोघांना एकाच कामावर बसवता येईल का, म्हणजे अर्धे तुकडे याच्याकडे, अर्धे त्याच्याकडे, आणि दोघांचे जुळल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही असं काहीतरी. नुसतं शेजारी बसवून फारसं होत नाही.

आणि "उन्हात नको, काळा पडशील" हे घरात बंद. समीरच्या आईंनाही सांगावं लागेल. ते समीरनेच सांगावं, तू नको.

फार शिकवते आहे, रागावू नकोस. तू काही लपवलं नाहीस, आपणहून सांगितलंस, याचा मला अभिमान वाटतो. पण तो मुलगा नळाशी किती वेळ हात धूत होता, हे कुणी पाहिलं का? बाईंना विचार. त्याच्याशी त्या काय बोलल्या, हेही विचार.

फोन आज कर, शनिवारपर्यंत थांबू नकोस. मग मला कळव.

तुझी,
आई