हिगुची इचियो राहून गेली

माननीय संपादक,

रविवारच्या पुरवणीतला जपानी कथाकारांवरचा लेख आवडला, पण त्यात हिगुची इचियोचं नावसुद्धा नाही हे बघून फार वाईट वाटलं, म्हणून हे पत्र लिहितेय.

१८७२ साली टोकियोत जन्मली आणि १८९६ ला क्षयाने गेली, म्हणजे जेमतेम २४ वर्षं. मुलीला जास्त शिकून काय करायचंय म्हणत आईने अकराव्या वर्षीच शाळा बंद केली. १८८९ ला वडील गेले, मागे कर्ज, मग आई, धाकटी बहीण आणि ही, तिघींनी शिवणकाम आणि धुणी करून घर चालवलं. १८९३ मध्ये योशिवारा या वेश्यावस्तीच्या अगदी शेजारी छोटं दुकान टाकलं, घरगुती सामान आणि पोरांचा स्वस्तातला खाऊ, तेही वर्षभरात बंद पडलं. पण त्या गल्लीतली पोरं तिच्या 'ताकेकुराबे' या कथेत आली ना! पावसात शिन्न्यो नावाच्या मुलाच्या खडावेचा पट्टा तुटतो, मिदोरी ही मुलगी तो बांधायला जाळीच्या फाटकातून लाल कापडाचा तुकडा बाहेर टाकते, आणि तो तुकडा तिथेच चिखलात भिजत पडतो, दोघंही एक शब्द बोलत नाहीत. एवढंच आहे, पण मी ते कितीदा वाचलं असेल.

माझी सगळ्यात आवडती कथा मात्र 'जूसान्या', म्हणजे तेरावी रात्र. आपल्या कोजागिरीसारखी चंद्र बघायची रात्र, ओसेकी झोपलेल्या लेकराला सासरी ठेवून माहेरी येते, नवऱ्याचा जाच आता सोसवत नाही, घटस्फोट घेऊन द्या म्हणते. आईला आधी भडभडून येतं, पण भावाची नोकरी जावयाच्या कृपेने लागलेली, शिवाय नातू कायमचा तुटणार, म्हणून बाप समजावतो की रडायचंच तर त्याच घरची बायको म्हणून रड, आणि ती परत जाते. 'दिल्या घरी सुखी राहा' ऐकत वाढलेल्या आपल्या बायकांना ही कथा कुणी समजावून सांगायला नको. बापाला लेखिका व्हिलन करत नाही, त्याचेही डोळे भरून येतात, म्हणून तर जास्त लागतं.

या मोठ्या कथा तिने शेवटच्या दोन वर्षांत लिहिल्या. मोरी ओगाईसारख्या दिग्गज जपानी लेखकाने तिची भरभरून स्तुती केली, २००४ मध्ये पाच हजार येनच्या नोटेवरही ती आली.

तेव्हा संपादकसाहेब, पुढच्या लेखात तिला जागा द्याच, आणि दिवाळी अंकात 'जूसान्या'चा अनुवाद देता आला तर बघा, तोही थेट जपानीतून.

आपली नियमित वाचक,
ठाणे