5.8 किलो सांगून आठ किलोची अलॉय व्हील्स पाठवल्याबद्दल तक्रार

जुळे सोलापूर, सोलापूर
दिनांक : 24 नोव्हेंबर 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
अलॉय व्हील व टायर ऑनलाइन विक्री विभाग

विषय : जाहिरातीपेक्षा जड अलॉय व्हील्स, हब रिंगा (चाक बरोबर मध्यावर बसवणाऱ्या कड्या) न पाठवणे आणि चारपैकी दोन टायर जुने व वेगळ्या रेटिंगचे देणे याबाबत. संपूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

2 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, मी तुमच्याकडून माझ्या 2018 च्या स्विफ्टसाठी 15 इंची, साडेसहा इंच रुंदीच्या चार फ्लो-फॉर्म्ड (रोलरने दाबून हलक्या केलेल्या) अलॉय व्हील्सचा सेट 38,000 रुपयांना आणि 195/60 आर 15 मापाचे (195 मिलिमीटर रुंद, बाजूची उंची रुंदीच्या 60 टक्के, 15 इंची रिमसाठी) चार परफॉर्मन्स टायर 28,800 रुपयांना घेतले. एकूण 66,800 रुपये आगाऊ भरले. ईमेलवरून दोनदा तक्रार केली. आलेल्या दोन्ही उत्तरांत माझ्या मूळ प्रश्नाला हात घातलेला नाही, म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवत आहे. पत्र लांबलं आहे, पण कृपया पूर्ण वाचा.

ही खरेदी मी दिखाव्यासाठी केलेली नव्हती, हे आधी सांगतो. माझी गाडी झेडएक्सआय मॉडेलची आहे. कंपनीकडून तिला 185/65 आर 15 टायर आले होते आणि ते 52,000 किलोमीटरला संपले. सोलापुरात ज्या दुकानात गेलो तिथे 17 इंची चाकं घालायचा आग्रह झाला. तुमच्या फोनवरच्या प्रतिनिधींनीही आधी तेच सुचवलं. मी त्यांना नकाराचं कारण समजावून सांगितलं होतं. 205/45 आर 17 घातलं तर टायरची साईडवॉल, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतची बाजू, 92 मिलिमीटर उरते, 195/60 आर 15 मध्ये ती 117 मिलिमीटर असते. आमच्या भागात पाइपलाइनसाठी रस्ता खोदतात आणि चर नीट न भरताच माणसं निघून जातात. तिथे 92 मिलिमीटरच्या टायरचा फुगा यायला किंवा रिम वाकायला एक पावसाळा पुरतो. शिवाय 195/60 चा व्यास मूळ टायरपेक्षा जेमतेम एक टक्का कमी आहे, त्यामुळे स्पीडोमीटर जवळपास बरोबरच राहतो. तेव्हा चाक 15 इंचीच ठेवायचं, पण हलकं घ्यायचं आणि त्यावर चांगल्या पकडीचं रबर चढवायचं, असा माझा विचार होता. त्यासाठी मी दोन वर्षं पैसे बाजूला टाकत होतो.

चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. सीटखालची वस्तू किलोभर हलकी झाली तर ड्रायव्हरला काही कळत नाही, चाक किलोभर हलकं झालं तर कळतं. खड्ड्यातून वर उडालेलं चाक स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बरला परत रस्त्यावर दाबावं लागतं. चाक जितकं जड, तितका त्याला खाली यायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ टायरची रस्त्यावरची पकड सैल असते. त्यात चाक फिरतंही. त्याच्या कडेचा एक किलो वेग घेताना आणि ब्रेक लावताना जवळजवळ दोन किलोंसारखा वागतो. माझं इंजिन 1.2 लिटरचं, 83 पीएसचं. एवढ्या इंजिनाला हा फरक जाणवतो. आमच्याकडे दिवाळीपासून उसाचा हंगाम लागतो. रात्री हायवेवर मागे दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अचानक समोर येतो, तेव्हा सगळा भरवसा ब्रेक आणि टायरवर असतो. म्हणून तुमच्या पानावरची 'वजन 5.8 किलो' ही ओळ वाचून मी पैसे भरले. त्याच मापाची, दिसायला याहून देखणी चाकं दुसरीकडे 26,000 रुपयांत मिळत होती.

13 ऑक्टोबरला ट्रान्सपोर्टने माल आला. 15 तारखेला तो घेऊन मी आमच्या ओळखीच्या टायरवाल्या काकांकडे गेलो. चाळीस वर्षं त्यांच्या हातून चाकं जात आहेत. त्यांनी पहिलं चाक खोक्यातून काढलं, एका हातात तोललं आणि म्हणाले, "हे हलकं नाही बरं का. तुमच्या कंपनीच्या रिमपेक्षा जड लागतंय." मला पटेना. शेजारीच एका सूत व्यापाऱ्याचं गोदाम आहे. त्यांच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर चारही चाकं, टायर न चढवता, एकेक करून ठेवली. वजनं भरली ती अशी : 7.86, 7.94, 8.12 आणि 7.90 किलो. माझी मूळ अलॉय रिम टायर उतरवून ठेवली, ती 7.05 किलो भरली. प्रत्येक वजनाचा फोटो सोबत जोडला आहे. काट्यावरचा वैधमापन विभागाचा शिक्काही त्यात दिसतो.

म्हणजे चार चाकांचं वजन 23.2 किलो हवं होतं, ते 31.82 किलो निघालं. गाडी हलकी करण्यासाठी मी 38,000 रुपये दिले आणि ती प्रत्येक चाकामागे पाऊण किलोहून जास्त जड झाली. मी टॉवेलच्या कारखान्यात उत्पादन विभागात काम करतो. 500 जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) सांगून 480 चा टॉवेल गेला तर अख्खी लॉट आमच्या खर्चाने परत येते, आणि ती यायलाच हवी. तुमच्या मालात तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त फरक आहे. एकाच साच्यातल्या चार चाकांमध्ये आपसात 260 ग्रॅमचा फरक असणं हेही मला बरोबर वाटत नाही.

हे वजन तुम्हाला माहीत नव्हतं, असं मी मानू शकत नाही. तुमच्याच गोदामातून निघालेल्या बिल्टीवर चार चाकांच्या खोक्यांचं वजन 35 किलो लिहिलेलं आहे. पुठ्ठा आणि थर्माकोल मी वेगळे तोलले, ते तीन किलोंच्या थोडं वर भरले. म्हणजे भाडं ठरवताना खरं वजन लिहिलं गेलं आणि गिऱ्हाइकाला दुसरंच सांगितलं गेलं. या एका गोष्टीचा मला सर्वांत जास्त राग आहे.

त्याच दिवशी, चाकं बसवण्याआधी, मी काकांच्या दुकानातूनच तुमच्या प्रतिनिधींना फोन केला. काट्याचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. त्यांचं लेखी उत्तर माझ्याकडे आहे : "वजनात थोडा फरक असतो, तुम्ही बसवून घ्या, काही वाटलं तर आपण बघू." माझे जुने टायर तोवर उतरवून झाले होते, ते गुळगुळीत होते. भाऊबीजेला आईला घेऊन पुण्याला बहिणीकडे जायचं होतं. मी तुमच्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि चाकं बसवली. आता तुम्ही ईमेलमध्ये लिहिता की एकदा बसवलेला माल परत घेता येत नाही. बसवा असं तुम्हीच सांगितलं होतं.

बसवताना काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. स्विफ्टचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग, 54.1 मिलिमीटरचा आहे, तुमच्या चाकाचं मधलं भोक 73.1 चं. बाहेरची चाकं अनेक गाड्यांना बसावीत म्हणून भोक मोठं ठेवतात, त्याला माझी हरकत नाही. पण मधली जागा भरायला हब रिंगा लागतात आणि तुमच्या पानावर 'रिंगांसह' असं स्पष्ट लिहिलं आहे. खोक्यात एकही रिंग नव्हती. विचारल्यावर "नट आवळले की चाक आपोआप मध्यावर येतं" असं उत्तर मिळालं.

23 ऑक्टोबरला पहाटे निघालो. शहरात काही जाणवलं नाही. पुणे हायवेवर नव्वदच्या पुढे गेल्यावर स्टेअरिंग थरथरायला लागलं, मग सीटही. मागे बसलेली आई म्हणाली, "काय रे, हे एवढं का हादरतंय?" मोहोळला थांबून एकेक नट तपासला, सगळे घट्ट होते. तिथून पुण्यापर्यंत सत्तरच्या वर गाडी नेली नाही आणि येतानाही तसाच आलो. आईला मोटारीचं काही कळत नाही, पण तिने सबंध वाटेत समोरच्या सीटचा दांडा सोडला नव्हता. हे लिहिताना अजून बरं वाटत नाही.

परत आल्यावर एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या चार रिंगा करून घेतल्या, 1,400 रुपये पडले. व्हर्नियर लावून माप घेतलं आणि रिंगा हबवर घट्ट बसल्या. त्या बसवल्यावर शंभरलाही थरथर जवळजवळ गेली. म्हणजे दोष कशात होता हे सिद्ध झालं. जी थोडी थरथर उरली ती 8.12 किलोच्या चाकाची. त्याला बॅलन्सिंगच्या वेळी 85 ग्रॅमच्या पट्ट्या चिकटवाव्या लागल्या, बाकी तिघांना 20 ते 35 ग्रॅममध्ये भागलं.

टायरची गोष्ट मला उशिरा, म्हणजे दुसऱ्या बॅलन्सिंगच्या वेळी कळली, ही माझी चूक. मी चारही टायर एकाच नावाचे, 88व्ही रेटिंगचे (88 हा भाराचा आणि व्ही हा वेगाचा संकेत) मागवले होते, बिलावरही तसंच आहे. प्रत्यक्षात दोन टायर 88व्ही आहेत आणि त्यांचा आकडा 2225 आहे, म्हणजे 2025 च्या 22 व्या आठवड्यात तयार झालेले. उरलेले दोन 88एच आहेत आणि त्यांच्यावर 1921 आहे, म्हणजे मे 2021 चे. साडेचार वर्षं गोदामात पडलेलं रबर नव्याच्या किमतीला विकलं गेलं. व्ही म्हणजे 240 आणि एच म्हणजे 210 किलोमीटरची मर्यादा. माझी गाडी तिथपर्यंत कधीच जाणार नाही, हे मला माहीत आहे. पण रेटिंग बदललं की टायरची बांधणी बदलते, आणि वय झालं की रबर कडक होतं. पुढे दोन नरम आणि मागे दोन कडक टायर घालून ओल्या वळणावर मागचा भाग आधी सुटला, तर गाडी सावरणं सामान्य ड्रायव्हरच्या हातात नसतं. अशी जोडी एका सेटमध्ये पाठवताना तुमच्या गोदामात कुणी ते चार आकडे वाचलेच नाहीत का?

तुमचं 8 नोव्हेंबरचं उत्तर सांगतं की पानावरचं वजन 'या मालिकेतल्या सर्वांत लहान मापाचं' आहे. पानावर मी माप 15 इंच निवडल्यावरही 5.8 हाच आकडा दिसत होता, त्या दिवसाचा स्क्रीनशॉट जोडला आहे. फ्लो-फॉर्मिंगचंही तसंच. त्यात रिमचा टायर बसतो तो गोल पट्टा गरम असताना रोलरने दाबून पातळ आणि मजबूत केला जातो, त्यामुळेच चाक हलकं होतं. तुमची चाकं त्या पद्धतीची नाहीत असा आरोप मी करत नाही, कारण ते तपासायला माझ्याकडे साधन नाही. पण साध्या मूळ रिमपेक्षा जड असलेलं चाक पाहून मला शंका येते. उत्पादकाचं प्रमाणपत्र दाखवा अशी मी दोनदा विनंती केली, अजून ते आलेलं नाही.

2 नोव्हेंबरला मी ही चाकं उतरवली. मित्राने दिलेले वापरलेले टायर मूळ रिमवर चढवून सध्या गाडी फक्त कारखान्यापर्यंत नेतो. तुमची चाकं एकूण 560 किलोमीटर फिरली आहेत, हे मी लपवत नाही. त्यांना कुठेही ओरखडा नाही.

माझी मागणी अशी आहे. चाकं आणि टायर तुमच्या खर्चाने परत न्या. मालाचे 66,800 रुपये आणि फिटिंग, पहिलं-दुसरं बॅलन्सिंग, अलाइनमेंट व रिंगा यांचे मिळून 4,000 रुपये, असे 70,800 रुपये माझ्या खात्यात जमा करा. तुमच्या प्रतिनिधींनी सुचवलेलं 3,000 रुपयांचं कूपन मला नको. फक्त दोन टायर बदलून देण्याचा प्रस्तावही मान्य नाही, कारण माझी मुख्य तक्रार चाकांच्या वजनाची आहे. शिवाय तुमच्या पानावर प्रत्येक मापापुढे त्या मापाचं तोललेलं वजन लिहा. या रकमेशी त्याचा संबंध नाही, पण दुसरा कुणीतरी माझ्यासारखाच पै-पै जमवून तो आकडा वाचत असेल.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. माझी पहिली तक्रार 27 ऑक्टोबरची, तिची पोच मला 1 नोव्हेंबरला मिळाली. येत्या 27 नोव्हेंबरला महिना पुरा होतो. पत्र पोचायला वेळ लागेल म्हणून मी 5 डिसेंबरपर्यंत थांबेन. त्यानंतर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार दाखल करेन. 2019 च्या कायद्याने मी राहतो तिथेच ती करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. कोर्टकचेरी करायची मला हौस नाही, पण वेळ आली तर सुट्टी टाकून येईन.

माल चार खोक्यांत, मूळ पॅकिंगमध्ये, काकांच्या दुकानात ठेवला आहे. दुकान सकाळी दहा ते रात्री आठ उघडं असतं, सोमवारी बंद. तुमची गाडी येण्याच्या आदल्या दिवशी फोन केलात तर मी स्वतः हजर राहीन. नेताना चारही चाकं त्याच काट्यावर पुन्हा तोलून तुमच्या माणसाची सही घेईन, एवढी माझी अट आहे.

कळावे,

आपला ग्राहक
(सही)

सोबत : बिल, बिल्टीची प्रत, काट्यावरचे पाच फोटो, टायरवरच्या आकड्यांचे चार फोटो, पानाचा स्क्रीनशॉट, 15 ऑक्टोबरचे व्हॉट्सॲप संदेश, लेथ आणि बॅलन्सिंगच्या पावत्या.